भाड्याची तुलना हप्त्याशी नको, गाडीचा बूम वर असलेल्या दिवसांशी करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान धंद्यांनी यंत्रे विकत घ्यावीत की भाड्याने आणावीत, या विषयावर आपल्या पानावर आलेला मजकूर वाचला. भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा आणि हप्ता म्हणजे घरात आलेली मालमत्ता, असा त्याचा एकूण सूर होता. हे वाक्य मला तोंडपाठ आहे. माझे धाकटे दीर ते साइटवरून आल्यावर म्हणतात, जेवताना म्हणतात, आणि भाड्याचे बिल आलेल्या दिवशी दोनदा म्हणतात.

आमचा धंदा फलक करून बसवण्याचा. दुकानांवरचे, इमारतींच्या दर्शनी भिंतीवरचे, खांबांवरचे. फ्रेम जोडणे, पत्रा चढवणे, दिवे लावणे ही कामे जमिनीवर होतात. खरी कसोटी फलक वर नेताना लागते, आणि तिथे बकेट ट्रक लागतो. ट्रकच्या चेसिसवर हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर, चालणारा बूम (उचलणारा लांब दांडा) असतो आणि त्याच्या टोकाला फिटर उभा राहील असा पाळणा. आमच्याकडे तो भाड्याने येतो. त्याला फोन मी करते, वेळ मी ठरवते, बिल मी भरते आणि वर्षअखेरीला हिशेबाला बसते तीही मीच. भाऊजींच्या वाक्याला माझे जे उत्तर आहे ते त्या हिशेबातून आलेले आहे. पत्र लांबले आहे, कात्री लावायला हरकत नाही, फक्त आकडे तेवढे राहू द्या.

हप्ता एका बाजूला आणि भाडे दुसऱ्या बाजूला ठेवले की घोळ तिथेच सुरू होतो. गाडी बाळगण्याच्या खर्चात हप्ता हा एक तुकडा आहे. दर महिन्याला खात्यातून जातो म्हणून तो डोळ्यांना दिसतो, बाकीचे तुकडे दिसत नाहीत. मी हिशेब असा मांडते. गाडीची किंमत १०० धरा. सात वर्षांनी ती ३० ला विकली जाईल असे मानले तर घसारा वर्षाला १०. मधल्या काळात सरासरी ६५ अडकून पडतात, त्यांच्यावर दहा टक्क्यांनी व्याज साडेसहा. विमा, कर, तपासण्या आणि दुरुस्ती मिळून ५. उभी करायच्या जागेचे २. बेरीज साडेतेवीस. हा खर्च गाडीचे चाक हलले नाही तरी होतो.

आता दुसरी बाजू. ऑपरेटरसकट एका दिवसाचे भाडे ०.३५ पडते असे समजा, आणि स्वतःच्या गाडीला दिवसाचे डिझेल ०.०४ व रोजावरचा ऑपरेटर ०.०८ लागतो असे समजा. म्हणजे स्वतःची गाडी प्रत्येक कामाच्या दिवशी ०.२३ वाचवते. साडेतेवीसला त्याने भागले की उत्तर येते १०२. वर्षाला १०२ दिवसांहून जास्त काम असेल तर गाडी परवडते, कमी असेल तर भाडे. बरे, चांगला ऑपरेटर रोजावर राहतो कुठे? तो महिन्याच्या पगारावर ठेवावा लागतो. वर्षाचे ३०० दिवस धरले तर त्याचे २४ झाले, ते कायम खर्चात गेले आणि तो साडेसत्तेचाळीस झाला. ऑपरेटरचा रोज आता वेगळा धरायचा नाही, म्हणून दिवसाची बचत ०.३१, आणि १०२ चे १५३ होतात. हे सगळे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपापले घालावेत, भागाकार बदलत नाही.

हा भागाकार भाऊजींनाही मान्य आहे. आमचे भांडण आहे ते "दिवस" कशाला म्हणायचे यावर. त्यांच्या लेखी साइटवर गेलो तो दिवस. माझ्या लेखी पाळणा जमिनीवरून उठला तो दिवस. माझ्या वहीत प्रत्येक कामासमोर एक रकाना आहे, पाळणा पहिल्यांदा किती वाजता उठला आणि शेवटचा किती वाजता टेकला. हा रकाना भरायला लागल्यापासून एक गोष्ट स्वच्छ दिसते. मोजमाप घ्यायला शिडी पुरते. भिंत ठोकून बघणे, खालची वायरिंग, फ्युजपर्यंत केबल ओढणे, हे सगळे जमिनीवरचे. दोन दिवसांच्या कामात बूम खरोखर लागतो तो बऱ्याचदा अर्धा दिवस. आणि भाड्याची गाडी असली की माणूस शिस्तीत येतो. अँकर बोल्टची भोके कुठे घ्यायची हे आदल्या दिवशी खुणा करून ठेवलेले असते, दोन जवळची कामे एकाच दिवशी लावली जातात, सकाळी गाडी आली की चहा नंतर. स्वतःची गाडी दारात असती तर हीच कामे चार वेगवेगळ्या दिवशी झाली असती आणि भाऊजींनी ते चारही दिवस गाडीच्या नावावर जमा धरले असते.

म्हणून माझे म्हणणे, जो कोणी गाडी घ्यायच्या विचारात आहे त्याने आधी एक अख्खे वर्ष ही नोंद ठेवावी. हंगामाचे तीन महिने नव्हे. हंगामात प्रत्येकाला वाटते की आपल्याला दोन गाड्या लागतील.

पैशापेक्षा महत्त्वाचा भाग पुढे आहे आणि त्या मजकुरात त्याचा उल्लेखही नव्हता. धंद्यातले प्रत्येक काम एकाच उंचीचे नसते. गाडी मात्र एकाच उंचीची घ्यावी लागते. विक्रेता सांगतो, "१२ मीटरची आहे." ही उंची कामाची असते, म्हणजे पाळण्याच्या तळाची उंची आणि वर हात पोचेल ते साधारण २ मीटर. पाळणा जातो १० मीटरपर्यंतच. पुन्हा ही उंची बूम जवळजवळ सरळ उभा असताना. फलक तर भिंतीवर असतो आणि भिंतीच्या पुढे पायऱ्या, छज्जा, झाड, गटार असे काहीतरी असतेच, त्यामुळे गाडी लांब उभी करून बूम आडवा टाकावा लागतो. आडवा पल्ला आणि उंची यांचा तक्ता प्रत्येक गाडीबरोबर येतो. विकत घेणाऱ्याने त्या तक्त्यावर आपल्या जुन्या कामांची ठिकाणे एकेक करून मांडून बघावीत. माझ्या यजमानांनी एका रविवारी बसून आमच्या जुन्या कामांचे तसे ठिपके काढले. भाऊजींच्या मनात असलेल्या गाडीच्या पल्ल्यात खांब सगळे आले, पण इमारतींचे कितीतरी ठिपके बाहेर पडले. त्या कामांना गाडी घेतल्यावरही दुसरी गाडी भाड्याने आणावीच लागली असती.

वजनाचेही तसेच. एका माणसाच्या पाळण्याची क्षमता पुष्कळ गाड्यांत १३६ किलो असते, म्हणजे मूळ ३०० पौंड. फिटर ८० किलोचा, त्याचा हार्नेस (अंगावरचा सुरक्षापट्टा), ड्रिल, बोल्टची पिशवी मिळून १५ ते २०. उरले चाळीसच्या आतबाहेर. ३ मीटर लांब आणि १.२ मीटर उंच फलक घ्या. नुसता ४ मिलिमीटरचा अॅल्युमिनियम कंपोझिट पत्राच २० किलोच्या आसपास भरतो. त्यावर लोखंडी फ्रेम आणि दिवे आले की पाळण्यात जागाही नाही आणि क्षमताही नाही. मग माणसे काय करतात? फलक पाळण्याच्या काठाला दोरीने बांधून वर नेतात. बकेट ट्रक म्हणजे क्रेन नव्हे. बूमवर वजन उचलण्याचा वेगळा जिब, म्हणजे छोटा दांडा, बसवलेला असेल आणि त्याची क्षमता लिहिलेली असेल, तरच आणि तेवढेच वजन लटकवायचे.

वाऱ्याचा हिशेब तर कोणी करतच नाही. युरोपच्या ईएन २८० या मानकानुसार उघड्यावर वापरायच्या अशा यंत्रांसाठी वाऱ्याची मर्यादा साधारण १२.५ मीटर प्रतिसेकंद धरली जाते, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. ही मर्यादा पाळण्यात माणूस आणि हत्यारे आहेत असे धरून असते. साडेतीन चौरस मीटरचा पत्रा हातात धरला तर त्या वाऱ्यात त्याच्यावर ३५ किलोच्या आसपास आडवा जोर येतो. तो जोर फिटरच्या हातातून पाळण्याला आणि पाळण्यातून बूमला जातो. म्हणून मोठ्या फलकाला आम्ही छोटी क्रेन आणि बकेट ट्रक अशी जोडी बोलावतो. फलक क्रेनने धरायचा, माणसाने नुसते बोल्ट आवळायचे. आतल्या गुळगुळीत फरशीवरच्या कामाला सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या घडीवर सरळ वर जाणारा मंच. जिथे काम दहा-पंधरा दिवस एकाच भिंतीवर चालणार, तिथे सरळ परांची. कामाप्रमाणे यंत्र बदलता येते हा भाड्याचा खरा फायदा. गाडी स्वतःची झाली की उलटा प्रकार सुरू होतो, गाडीप्रमाणे काम बसवायचा. "जरासे वाकून होईल की" हे वाक्य मी भाड्याच्या गाडीवर कधी ऐकले नाही. ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत त्यांच्या साइटवर ऐकले आहे.

विजेबद्दल वेगळे सांगते, कारण इथे गैरसमज जीवावर बेततो. बकेट ट्रक दोन प्रकारचे. एकात बूमचा वरचा भाग फायबरचा, विजेला रोधक. दुसऱ्यात सगळे लोखंड. विकत घेणारे "इन्सुलेटेड आहे" असे ऐकले की निर्धास्त होतात. तो फायबर बूम माणसाला वाचवतो ते एकाच वाटेपासून, माणसातून बूममार्गे गाडीत आणि गाडीतून जमिनीत जाणाऱ्या विजेपासून. आमचा फिटर एका हाताने फलकाची लोखंडी फ्रेम धरून असतो, ती फ्रेम इमारतीला टेकलेली असते, आणि दुसरा हात किंवा खांद्यावर घेतलेली लोखंडी पट्टी तारेला लागली तर बूम कशाचाही असो, काही उपयोग नाही. अमेरिकेतल्या 'ओशा' या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांत विजेचे खास प्रशिक्षण नसलेल्यांनी ५० किलोव्होल्टपर्यंतच्या उघड्या तारांपासून १० फूट, म्हणजे तीन मीटरहून किंचित जास्त, अंतर ठेवावे असे आहे. ते अंतर माणसाने, हत्याराने आणि बूमनेही राखायचे. त्यात सवलत मागायला फायबर पुढे करू नये.

आणि तो फायबर तसाच रोधक राहत नाही. त्यावर धूळ आणि तेलाचा थर बसला, तो ओला झाला, बारीक तडा गेला की त्याचा गुण जातो. म्हणून अमेरिकी मानक ए९२.२ प्रमाणे अशा बूमची विद्युतरोधाची चाचणी ठरावीक मुदतीत घ्यावी लागते आणि ती वर्षातून एकदा घेण्याचा प्रघात आहे. एका ओळखीच्या गाडीमालकाने हत्यारांची पेटी अडकवायला फायबर बूमलाच भोके पाडलेली मी स्वतः पाहिली आहेत. चार स्वच्छ भोके, नट-बोल्ट, वर रंगाचा हात. गाडी त्यांची, ड्रिल त्यांचे, विचारणार कोण? बनवणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय अशा यंत्रात फेरफार करायचा नसतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

मालकी म्हणजे नेमके हे, असे मी भाऊजींना सांगते. भाड्याची गाडी येते तेव्हा तपासणीचा कागद मी मागते. तारीख बघते, गाडीचा क्रमांक जुळतो का बघते, नसेल तर गाडी परत. गाडी आमची झाली की तो कागद तयार करवून घेणे माझे काम, आणि हंगामात सगळे कामावर असताना "गाडी दोन दिवस तपासणीला बंद" असे म्हणण्याची हिंमतही मलाच करावी लागणार. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनी माणसे उचलणाऱ्या यंत्रांची सखोल तपासणी दर सहा महिन्यांनी सक्तीची आहे. रोजची तपासणी वेगळी. आमच्याकडे येणारा एक ऑपरेटर ती कशी करतो ते बघण्यासारखे आहे. आधी गाडी स्थिर ठेवणाऱ्या चारही जॅकखाली जाड फळ्या ठेवतो, पण त्यापूर्वी बुटाची टाच आपटून जमीन पोकळ वाजते का ते ऐकतो, कारण फरशीखाली गटाराची कुंडी असली तर जॅक तिथेच खचतो. मग हायड्रॉलिकच्या नळ्यांवरून नजर फिरवतो. हात फिरवत नाही, कारण बारीक भोकातून दाबाने निघालेले तेल कातडीत घुसते. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर ओल किंवा चरे आहेत का बघतो. रिकामा पाळणा खालच्या नियंत्रणाने वर नेतो, फिरवतो, आणि इंजिन बंद करून आणीबाणीच्या पंपाने खाली उतरवतो. यात बराच वेळ जातो आणि भाऊजी घड्याळ बघत असतात. उद्या हा वेळ आमच्या गाडीवर आमच्याच माणसाने रोज द्यायचा आहे. देईल?

हार्नेसचेही सांगून टाकते. त्याची दोरी पाळण्यातल्या किंवा बूमवरच्या ठरलेल्या कडीलाच अडकवायची. आमच्या धंद्यात फलकाच्या फ्रेमला किंवा शेजारच्या खांबाला अडकवायची खोड असते. पाळणा हलला आणि दोरी खांबाला असली तर माणूस बाहेर ओढला जातो.

भाड्याच्या बाजूने इतके लिहिले म्हणून भाडेवाल्यांची आरती करते आहे असे नव्हे. ऐन गर्दीत गाडी मिळत नाही. अर्ध्या दिवसाच्या कामाला पूर्ण दिवसाचे पैसे लागतात. पाऊस आला तर दिवस कोणाच्या खात्यावर, यावरून दर वेळी वाद. एकाने जॅकखालच्या फळ्यांशिवाय गाडी पाठवली आणि वर "तुमच्याकडे विटा असतील ना" असे विचारले. गाडी मी परत पाठवली, काम पुढे ढकलले, ग्राहकाची बोलणी खाल्ली. या सगळ्याला पैशात मोल आहे आणि ते भागाकारात धरायला हवे. त्यासाठी करारात चार गोष्टी आधीच लिहून घेते. ऑपरेटर कोणाचा, येण्या-जाण्याचा वेळ धरला आहे का, वारा-पावसाने काम थांबले तर काय, आणि गाडी बिघडली तर बदली किती वेळात. जो यातली एकही गोष्ट लिहून द्यायला तयार नसतो त्याची गाडी स्वस्तात मिळाली तरी घेत नाही.

आणि काहींनी गाडी घ्यावीच. रस्त्यावरच्या दिव्यांच्या देखभालीचे काम ज्यांच्याकडे आहे, त्यांची उंची ठरलेली, वजन किरकोळ, काम बारमाही. दिवा बिघडला की आजच्या आज जायचे असते, तिथे उद्याची गाडी चालत नाही. त्यांचा भागाकार करायचीही गरज नाही. आमच्याकडे फक्त बसवण्याची कामे आहेत. बसवलेल्या फलकांच्या देखभालीचे वार्षिक करार पुरेसे जमले तर मी स्वतः गाडी घ्या म्हणेन, आणि तीही खांबांपुरती, लहान. उंच इमारतींना भाड्याचीच येईल.

तूर्त भाऊजींना एक जुनी गाडी सापडली आहे. किलोमीटर फारच कमी आहेत, म्हणून ते खूश आहेत. बकेट ट्रक धावतो कमी आणि उभा राहून चालतो जास्त. बूमचा पंप इंजिनावरच फिरतो, त्यामुळे पाळणा वर असताना चाके थांबलेली आणि इंजिन सुरू. गाडीवाल्यांचा ठोकताळा असा, की एक तास उभे इंजिन म्हणजे ४० ते ५० किलोमीटर धाव. म्हणून किलोमीटरचा आकडा बाजूला ठेवून तासांचे मीटर बघायचे, आणि ते बंद असेल तर किमतीची बोलणी तिथेच थांबवायची. पुढच्या आठवड्यात गाडी बघायला आम्ही तिघेही जाणार आहोत. हे वेल्डिंगचे जोड बघतील. भाऊजी बूम पूर्ण बाहेर काढून, इंजिन बंद करून काही वेळ तसाच ठेवतील, आपोआप खाली येतो का ते कळेल. मी मागच्या तपासण्यांचे कागद मागणार आहे. सगळे, नुसता शेवटचा नव्हे.

आपली,
फलक व्यवसायातील एक हिशेबनीस वाचक